रविवारची शर्यत आणि शुक्रवारचा उपवास: ख्रिस्ती खेळाडूंसाठी कामाचा धागा

पाणथळ (मूळ धागा)

जय येशू, जय ख्रिस्त, ज्याच्या तोंडी जे असेल ते.

डिसेंबर जवळ आला की वसई-विरारकडच्या धावणाऱ्यांत दरवर्षी तोच प्रश्न फिरायला लागतो. शर्यत रविवारी पहाटे, मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना) रविवारी सकाळी, करायचं काय? पुढे जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा. त्यातून सुटतोय तोवर भस्म बुधवार (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) येतो आणि उपवासात सराव कसा करायचा हा दुसरा प्रश्न उभा. उत्तरं मिळतात ती दोनच: "देव समजून घेतो" किंवा "मग खेळ सोड". मुळात नियम काय आहे हे बघायला कुणी तयार नसतं.

म्हणून हा धागा. इथे वेळा, प्रमाणं, नियम आणि कुठे गडबड होते ते लिहा. "प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं" अशा साक्षींसाठी कृपया वेगळा धागा काढावा, तोही वाचू.

सुरुवात रविवारपासून करतो, कॅथलिक बाजूने. १९८३ च्या धर्मनियमसंहितेचा नियम १२४८ सांगतो की रविवारची मिस्सा त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कॅथलिक विधीनुसार कुठेही ऐकली तरी कर्तव्य पूर्ण होतं. "कुठेही" म्हणजे आपलंच चर्च हवं असं नाही. बहुतेक धर्मनियमतज्ज्ञ असंही मानतात की मिस्सेतली वाचनं रविवारचीच हवीत असं नाही. म्हणजे शनिवारी संध्याकाळी लग्नाच्या मिस्सेला बसलात तरी चालतं. डिसेंबर-जानेवारीत वसईत शनिवारी लग्न नाही असं घर सापडायचं नाही, तेव्हा अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो. मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघणं मात्र यात धरत नाहीत. ते आजाऱ्यांच्या सोयीसाठी आहे.

अडचण पुढे आहे. शनिवारी संध्याकाळी मिस्सा म्हटली की रात्रीच्या जेवणाचा आणि झोपेचा बोजवारा उडतो. साडेसहाची मिस्सा पावणेआठला आटपली, गप्पा मारून घरी आठ, जेवण नऊ, झोप दहा आणि गजर तीनचा. पाच तासांच्या झोपेवर, पोट जड असताना पळणं नको.

आगाशीकर

पाणथळ, याला उपाय आहे. कम्युनियनच्या (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या) आधीचा उपवास फक्त एक तासाचा आहे (नियम ९१९) आणि तो कम्युनियनच्या आधीचा, मिस्सेच्या आधीचा नव्हे. रविवारच्या मिस्सेत कम्युनियन सुरू व्हायला साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. म्हणजे साडेसहाच्या मिस्सेला कम्युनियन सव्वासातच्या आसपास. मुख्य जेवण साडेपाच ते सहा उरका: भात, वरण, बटाटा, मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त, तेल-तिखट कमी. मिस्सेहून आल्यावर भूक असेल तर वाटीभर दहीभात नाहीतर एक केळं आणि नऊच्या आत आडवे व्हा. बिब (छातीवरचा क्रमांक), वेळ मोजणारी चिप, सेफ्टी पिना हे सगळं शनिवारी दुपारीच लावून ठेवा. मिस्सेहून आल्यावर पिना शोधत बसायचं नाही.

रविवारीच जायचं असेल तर गणित उलट्या बाजूने करा. सहाला सुटलेली अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांत संपली तर सव्वाआठ वाजले. नऊच्या मिस्सेला कम्युनियन पावणेदहाला. म्हणजे केळी, चिक्की, सरबत जे काय ते ८.४० पर्यंत पोटात गेलेलं हवं. इथेच चूक होते. लोक "मिस्सा झाल्यावर खाऊ" म्हणून उपाशी बसतात आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. नियम तुम्हाला ८.४० पर्यंत खायला देतोय, खा की!

साधं पाणी त्या एका तासातही चालतं, औषधही चालतं. मात्र इलेक्ट्रोलाइटचं रंगीत पाणी, जेल, नारळपाणी चालत नाही. फरक असा की पाणी म्हणजे फक्त पाणी. जुलाब होतायत म्हणून ओआरएस घेताय, तर ते औषध. नुसतं घाम आला म्हणून घेताय, तर ते पेय. अंतिम रेषेवर मिळणारं इलेक्ट्रोलाइट आत्ताच संपवा, बाटली हातात धरून चर्चमध्ये जाऊ नका.

एक बारीक गोष्ट. एकवीस किलोमीटर पळून आल्यावर गुडघे टेकू नका. प्रतिष्ठेच्या वेळी (मिस्सेत भाकर-वाईन पवित्र करतात तेव्हा) टाचा नितंबाखाली गेल्या की पोटरीत असा गोळा येतो की बाकाला धरून उठावं लागतं, आणि पुढच्या बाकावरची बाई समजते पोराला भक्तीचा उमाळा आला. उभे राहा नाहीतर बसून मान झुकवा. शरीर नाही म्हणत असेल तर गुडघे न टेकण्यात काहीही वावगं नाही. बाकाच्या कडेची जागा धरा म्हणजे पाय मोकळा करता येतो. आणि कोरडा शर्ट गाडीत ठेवा. भिजल्या बनियनवर पंख्याखाली तासभर बसलं की पाठ आखडलीच.

तिसरी_उडी

हे सगळं कॅथलिकांना ठीक. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना एकच, नऊ किंवा दहाला, आणि शनिवारचा पर्याय बहुतेक ठिकाणी नाहीच. शिवाय काहींच्या मते प्रश्न तासाभराच्या उपासनेचा नसून आख्ख्या दिवसाचा आहे. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला होत्या, म्हणून तो उतरला नाही. पुढच्या शुक्रवारी, ११ जुलैला, त्याने ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. २०० मीटरचं कांस्यही घेतलं. त्याच्यावरच्या 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमात त्याला हे जहाजावर चढताना कळतं असं दाखवलंय, ते खोटं. वेळापत्रक त्याला काही महिने आधी ठाऊक होतं आणि त्या महिन्यांत त्याने ४०० मीटरची तयारी केली. दोन्ही रिलेही रविवारी होत्या, त्याही सोडल्या. गोष्टीतला कामाचा भाग हाच: त्याने वेळापत्रक आधी वाचलं आणि आपली शर्यत बदलली. आयत्या वेळी नकार दिला असता तर सुवर्ण मिळालं नसतं.

दुसरा मायकेल जोन्स, न्यूझीलंडचा रग्बीपटू. १९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी रविवारी होती, खेळला नाही. शनिवारी अंतिम सामना होता, तिथे खेळला. तिसरा जोनाथन एडवर्ड्स, तिहेरी उडीवाला. १९९१ च्या जागतिक स्पर्धेला रविवारमुळे गेला नाही, १९९३ मध्ये त्याचं मत बदललं, १९९५ मध्ये योतेबोर्गला १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला जो अजून मोडलेला नाही. नंतर तर त्याने श्रद्धाच सोडल्याचं उघड सांगितलं. तेव्हा कुणाचाही पुतळा करू नये.

पाळकबुवा

तिसरी_उडी यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. दिवस पाळायचाच असं ज्याने ठरवलंय त्याने संघनिवडीच्या आधी सांगावं. निवड झाल्यावर सांगितलं तर एका मुलाची जागा फुकट गेली, आणि ती गेली तुमच्या श्रद्धेच्या नावावर. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवस मानणारा आणि न मानणारा या दोघांनाही सांगितलंय की स्वतःची खात्री करा आणि दुसऱ्याला दोषी ठरवू नका. दोन्ही गटांनी तो अध्याय महिन्यातून एकदा वाचावा, विशेषतः मंडळीतल्या ज्येष्ठांनी.

आयोजकांना काय बदलता येतं हेही समजून घ्या. बुद्धिबळ, टेबल टेनिस, बॅडमिंटन अशा बाद फेरीच्या खेळांत रविवारी सकाळी नऊचा सामना अकराला नेता येतो, आदल्या दिवशीचं वेळापत्रक लागायच्या आत सांगितलं तर. कबड्डी-खोखोत दोन संघ आणि पंच अडकलेले असतात, तिथे सकाळचं सत्र की संध्याकाळचं एवढंच मागता येतं. मैदानी स्पर्धेत तुमच्यासाठी हीट (प्राथमिक फेरी) हलत नाही, विचारूही नका. तिथे एकतर शनिवारची बाब निवडा, नाहीतर उपासनेची वेळ बदला. जिल्हा संघटनेच्या सचिवाला चार ओळींचं पत्र प्रवेशिकेसोबतच जावं.

अवांतर: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावण्याची आणि मुष्टियुद्धाची उपमा देतो ती हवेतून आणलेली नाही. इस्थमियन स्पर्धा करिंथजवळच भरायच्या. कोमेजणाऱ्या मुकुटाचा उल्लेखही तिथलाच, तिथे पानांचाच मुकुट मिळायचा. वाचणाऱ्यांनी हे सामने पाहिलेले होते.

शब्बाथवाला

रविवारवाल्यांनो, तुमचं बरं आहे. सेवन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मुलांचा विचार करा. त्यांचा शब्बाथ (विश्रामाचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला सुटतो, आणि शालेय-विद्यापीठ स्पर्धांचा शनिवार हमखास भरलेला. यांनी सूर्यास्ताची वेळ तारखेनिशी लिहून पत्राला जोडावी. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सातनंतर. प्रकाशझोतातला शनिवारचा सात वाजताचा सामना डिसेंबरात चालेल, मेमध्ये नाही. आयोजकाला "शनिवारी जमणार नाही" असं सांगितलं की तो नाव खोडतो. "शनिवारी ६.१५ नंतर कधीही, रविवारी दिवसभर" असं सांगितलं की तो कागद पुढे ओढतो.

मिरजमावशी

आता उपवासाकडे वळते. हा विषय आहाराचा आहे आणि इथे गोंधळ फार.

पहिलं म्हणजे कम्युनियनचा एक तासाचा उपवास आणि प्रायश्चित्तकाळातला उपवास हे दोन वेगळे प्रकार आहेत, नियमही वेगळे. कॅथलिक नियमाने बंधनकारक उपवासाचे दिवस वर्षात फक्त दोन: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही १८ पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पूर्ण झाल्यापासून. म्हणजे सोळा वर्षांच्या जलतरणपटू मुलीला भस्म बुधवारी उपाशी राहायचं बंधनच नाही, फक्त मांस नको. आयांनो, हे वाक्य दोनदा वाचा.

उपवास म्हणजे काय? रूढ पद्धत अशी की एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी, ती दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढी व्हायची नाहीत. पाणी कितीही. आपल्याकडे शेजारच्या निर्जळी एकादशीचं बघून काहीजण गुड फ्रायडेला पाणीही सोडतात. चर्चने हे कधीच सांगितलेलं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात तीनच्या विधीला उभं राहायचं आणि पाणी नाही, त्यात सकाळी सराव केलेला. चक्कर येणारच.

त्या दिवशी सराव करायचाच तर तीस-चाळीस मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि पूर्ण जेवण सरावाच्या नंतर ठेवा. सकाळी अर्धी भाकरी-चहा, दुपारी वाटीभर पोहे नाहीतर एक फळ, संध्याकाळी सराव, मग पोटभर जेवण. उलटं करू नका. दुपारी जेवून रात्री कोरडं झोपलं की दुसऱ्या दिवशीही पाय जड. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरव्हल (थांबून-थांबून वेगाने पळणं) नको. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट भरायला साधारण २४ तास आणि भरपूर भात-भाकरी लागते.

आता आखणी. २०२७ मध्ये भस्म बुधवार १० फेब्रुवारीला, गुड फ्रायडे २६ मार्चला, ईस्टर २८ मार्चला आहे. सोमवारपासून आठवडे मोजा. ८ फेब्रुवारीचा आठवडा हलका. १५ आणि २२ फेब्रुवारीचे चढते. १ मार्च हलका. ८ आणि १५ मार्च चढते. २२ मार्चचा पवित्र आठवडा हलका. दोन चढ, एक उतार, बरोब्बर बसतं. जणू प्रशिक्षकानेच प्रायश्चित्तकाळ आखलाय. शनिवारची ईस्टर जागरणाची मिस्सा उशिरापर्यंत चालते, तेव्हा ईस्टरच्या सकाळी लांब पल्ला ठेवू नका, सोमवारी ठेवा.

अनेक घरांत चाळीसही दिवस मटण-चिकन बंद असतं. बंधन नाही, पण रीत आहे आणि चांगली आहे, फक्त प्रथिनांचा हिशोब लावा. ६० किलो वजनाच्या खेळाडूला दिवसाला ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन अंडी १८, दीडशे ग्रॅम मासे ३०, दोन वाट्या डाळ १४, पन्नास ग्रॅम कोरडे सोया वड्यांचे तुकडे २६. झाले ८८. भात-भाकरीतलं वेगळं. मासे आणि अंडी मांसात धरत नाहीत. (आता सरंग्याचं कालवण आणि वर तळलेले बोंबील याला प्रायश्चित्त म्हणायचं का, ते ज्याचं त्याने फादरांना विचारावं.) मुलींनी लोहाकडे बघा. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा नको.

आणि एक, जरा कडक शब्दांत. वजनगट असलेल्या खेळांत, कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगमध्ये, "उपवास आहे" या नावाखाली वजन उतरवणं चालतं. लांब पल्ल्याच्या मुलींत तेच "प्रभूसाठी सोडलंय" या नावाखाली. पाळी दोन-तीन महिने चुकली, हाड दुखतंय, थंडी जास्त वाजते, चिडचिड होते, तर तो उपवास राहिलेला नाही. उपवास थांबवा, डॉक्टर गाठा, आणि फादरांनाही तेच सांगा. कुणीही शहाणा धर्मगुरू तुम्हाला जेवायलाच सांगेल.

आगाशीकर

मावशी, _/\_

एक भर. प्रायश्चित्तकाळात रात्रभर पायी यात्रा निघतात, काहीजण अनवाणी. वीस-पंचवीस किलोमीटर डांबरावरून चालणं हा सरावच धरा, आठवड्याच्या अंतरात मिळवा. पुढचे ४८ तास वेगाचं काही नको. पुढल्या रविवारी सामना असेल तर बूट घालून चाला. फोड आलेल्या टाचेवर स्टड चढवता येत नाही.

चौथा_पंच

फुटबॉलपुरतं लिहितो, कारण मैदानावर सगळ्यात जास्त वाद गळ्यातल्या क्रूसावरून होतो.

नियम ४: सर्व दागिन्यांना बंदी. माळ, अंगठी, कानातलं, मनगटाचा रबर, चामड्याचा पट्टा, सगळं. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा "सर, टेप लावतो ना" म्हणू नका. पंच सामन्याआधी तपासतो. सामन्यात दिसलं तर काढायला सांगतो, ऐकलं नाही तर पिवळं कार्ड. स्कॅप्युलरचा (गळ्यात घालायच्या पवित्र कापडी तुकड्यांचा) दोरा आणि बोटातली जपमाळेची अंगठीही यातच. पंचाचा धर्माशी काही संबंध नाही. साखळीत बोट अडकून दुसऱ्याच्या गळ्याला फास बसतो म्हणून हा नियम. कबड्डीतही दागिने चालत नाहीत आणि नखं कापलेली लागतात. क्रिकेट आणि धावण्यात अशी सरसकट बंदी नाही, पण लांब साखळी हनुवटीवर आपटत राहते, आखूड करा.

काढलेला क्रूस मोज्यात खुपसू नका. घोट्यावर घासून जखम होते आणि पंचाला दिसलं तर तिथेही तेच. छोट्या डबीत घालून किटबॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवा.

दुसरं, बनियनवरचं वचन. आतल्या कपड्यावरही राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा चालत नाही. दाखवली तर खेळाडूवर किंवा संघावर स्पर्धा समितीची कारवाई होते. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका याने २००७ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यानंतर येशूच्या नावाचा शर्ट दाखवला, त्याचे फोटो बघून पोरं आपल्या गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) स्पर्धेत तेच करतात. गोल झाल्यावर शर्ट काढलात तर पिवळं कार्ड वेगळंच, आणि गोल रद्द झाला तरी ते कार्ड राहतं!

क्रूसाची खूण करा, गुडघा टेका, आकाशाकडे बोट करा, यावर कार्ड नाही. तीस-चाळीस सेकंद कोपऱ्यात संघाने गोल करून प्रार्थना चालवलीत तर वेळ काढल्याबद्दल मिळेल.

मडगांवकार

गोंयांत फेस्ताच्या स्पर्धेत फादरच चेंडूला लाथ मारून उद्घाटन करतात, तेव्हा धर्म आणि फुटबॉल वेगळे कुठे करणार! पण चौथा_पंच बरोबर बोलतात. मैदानात उतरताना गवताला हात लावून खूण करणं, दोन सेकंद, बस.

नवखी

प्रश्न. संघ सामन्याआधी नारळ फोडतो, आरती होते, टिळा लावतात. तालमीत मारुतीला नमस्कार करूनच मातीत उतरायचं. ख्रिस्ती मुलाने काय करावं? घरचे एक सांगतात, प्रशिक्षक एक.

पाळकबुवा

नवखी, महाराष्ट्रात हाच खरा रोजचा प्रश्न आहे, रविवारपेक्षाही. आणि याचं एकच उत्तर नाही, मंडळीनुसार बदलतं.

पौलापुढे हाच प्रश्न होता, करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय. त्याचा सल्ला व्यवहारी आहे. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. प्रसादाच्या खोबऱ्याला हेच लावा. हातावर ठेवलं तर भांडण नको. "हा देवाचा, तू घेतलाच पाहिजेस" असा आग्रह झाला तर नम्रपणे नको म्हणा.

व्यवहारात असं करावं. संघात शिरल्याच्या पहिल्या आठवड्यात कर्णधाराला एकट्याला गाठून सांगा: "मी संघासोबत उभा राहीन, हात जोडून शांत राहीन, ओवाळणार नाही." नव्वद टक्के कर्णधारांना काही वाटत नाही. सामन्याच्या दिवशी, नारळ हातात असताना, सगळ्यांसमोर सांगितलंत तर त्यालाही वाटतं की तुम्ही त्याचा अपमान केला. तालमीत चपला बाहेर काढणं, मातीला हात लावून कपाळाला लावणं हा उस्तादाचा आणि जागेचा मान म्हणून बरेचजण करतात. मूर्तीपुढे पाया पडणं करत नाहीत. काही मंडळ्या पहिल्यालाही हरकत घेतात. तुमच्या पाळकांशी एकदा बसा आणि ठरवून टाका. रोज दारात उभं राहून नव्याने ठरवू नका.

आणि हेच उलट्या बाजूनेही. संघात ख्रिस्ती कर्णधार असेल तर घोळक्यात "येशूच्या नावे, आमेन" म्हणत बाकीच्या नऊ जणांना ओढू नये. एक मिनिट शांतता ठेवा, ज्याने त्याने आपापलं म्हणावं.

तिसरी_उडी

मराठी ख्रिस्ती खेळाडू म्हटलं की विजय हजारेंचं नाव यायलाच हवं. सांगलीत १९१५ मध्ये जन्म, प्रॉटेस्टंट घर. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर बेतलेली होती, त्यात ते 'रेस्ट' (म्हणजे बाकीच्या धर्मांच्या) संघाकडून खेळायचे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या! पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच. पुण्याचे चंदू बोर्डेही ख्रिस्ती घरातले.

मिरजमावशी

डोपिंगवर कुणीच लिहिलं नाही. "शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर" हे वचन सगळ्या युवक शिबिरांत म्हणतात आणि बाहेर आल्यावर जिमवाल्याने दिलेली बिनलेबलची पावडर घेतात. नियम असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं याने फरक पडत नाही. बॅच तपासलेली नसेल ती पावडर घेऊ नका. डबा आणि पावती सहा महिने ठेवा. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमच्या वर नाही, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. त्यापुढे जायचं तर आधी उपचारासाठीची परवानगी काढावी लागते.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून: प्रभुभोजनाच्या घोटभर वाईनने काही होत नाही. मद्य २०१८ पासून बंदी यादीत नाही, आणि त्याआधीही मोजक्याच खेळांत होतं.

चौथा_पंच

त्याहून मोठी खोट आपल्याकडे वयाची आहे. चौदा वर्षांखालच्या संघात सोळाचा मुलगा. ख्रिस्ती घरांत याला एक वेगळीच अडचण असते: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्मतारीख असते. महापालिकेचा दाखला एक सांगतो आणि चर्चची वही दुसरं. मग फादरांकडे "एवढं वर्ष बदलून द्या" म्हणून माणसं जातात. स्पर्धेला महापालिका किंवा ग्रामपंचायतीचाच दाखला लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला त्याला पर्याय नाही, पण तक्रार झाली की तोच समोर ठेवला जातो. क्रिकेटमध्ये त्यावर मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. दोन तारखा खऱ्याच चुकून वेगळ्या असतील तर प्रवेशिका भरण्याआधी दुरुस्ती करून घ्या. पकडल्यावर "कारकुनाची चूक" म्हणून कुणी ऐकत नाही.

नवखी

पळताना जपमाळ म्हटली तर चालते का? की ते लक्ष नसल्यासारखं?

आगाशीकर

चालते, आणि हलक्या पळण्याला छान बसते. मणी हातात नको, घामाने सुटते आणि पडलीत तर तळहातात रुतते. बोटांवर मोजा, दहा बोटं दहा नमो मरिया. पाच दशकांना (दहा-दहाच्या पाच गटांना) पंधरा ते वीस मिनिटं लागतात, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या गतीने साधारण तीन किलोमीटर. ओठ न हलवता म्हणा, श्वासाच्या लयीवर. धाप लागून शब्द तुटायला लागले तर तुम्ही हलकं पळत नाही आहात, वेग कमी करा. घड्याळापेक्षा हे माप बरं. इंटरव्हल आणि रहदारीच्या रस्त्यावर नको, तिथे लक्ष रस्त्यावर.

स्पर्धेच्या दिवशी मात्र प्रार्थना वॉर्मअपच्या आधी करा. कॉलरूममध्ये (शर्यतीआधी हजेरी घेतात त्या खोलीत) शिरल्यावर अंग गार होऊ द्यायचं नाही. तिथे एक वाक्य पुरे.

नवखी

शेवटचं. राष्ट्रीय शिबिरात असताना शनिवारीही सोडत नाहीत, रविवारीही नाही. आणि गुड फ्रायडेला निवड चाचणी आली तर?

पाणथळ

त्यासाठी नियम १२४५ आहे. योग्य कारण असेल तर तुमच्या धर्मग्रामाचे मुख्य फादर त्या दिवसापुरती मिस्सेची किंवा उपवासाची सूट देऊ शकतात, किंवा त्याऐवजी दुसरं काही पुण्यकर्म सांगू शकतात. बिशपांपर्यंत जायची गरज नाही. फक्त आधी मागायची. हा मजकूर उतरवून घ्या:

"आदरणीय फादर, मी अमुक धर्मग्रामातील अमुक. दिनांक ___ ते ___ अमुक ठिकाणी प्रशिक्षण शिबिरात आहे. रविवारचे सत्र सकाळी ___ ते ___ असून शनिवारी संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत. जवळचे चर्च ___ किलोमीटरवर आहे, तेथील मिस्सेच्या वेळा ___. गुड फ्रायडेला सकाळी ___ वाजता निवड चाचणी आहे. या दिवसांपुरती मिस्सेच्या व उपवासाच्या बंधनातून सूट मिळावी, किंवा त्याऐवजी काय करावे ते सांगावे."

चर्चच्या मिस्सेच्या वेळा लिहायला विसरू नका. शिबिराच्या गेटबाहेर संध्याकाळी सातची मिस्सा असते आणि खेळाडूने चौकशीच केलेली नसते, असं बऱ्याचदा होतं. फादर पहिला प्रश्न तोच विचारतात.